मुंबईचं रूप नियमावलीत लिहिलेलं असतं

भर जुलैत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने फ्लोरा फाउंटनकडे निघालात, तर बरंचसं अंतर छत्री न उघडता चालता येतं. कडेच्या इमारतींनी आपला तळमजला थोडा आत घेतला आहे आणि पुढे खांब-कमानी उभ्या करून चालणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर धरलं आहे. वर कचेऱ्या, खाली दुकानं, दुकानांपुढे हा सावलीचा पट्टा. एक इमारत गॉथिक वळणाची, तिच्या शेजारची ग्रीक-रोमन खांबांची, पुढची घुमट मिरवणारी. मालक वेगळे, आर्किटेक्ट वेगळे, बांधकामाची सालंही वेगळी. तरी कमानींची रांग मोडत नाही.

त्या सगळ्या मालकांची आवड एकसारखी होती असं मुळीच नाही. या रस्त्यावर, म्हणजे तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, बांधायचं असेल तर रस्त्याकडच्या बाजूला कमानींखालून जाणारा सलग पदपथ ठेवलाच पाहिजे, असा नियम सरकारने १८९६ साली केला होता. बाकीची सजावट ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि हौसेप्रमाणे केली. मुंबईतला सर्वांत देखणा म्हणावा असा एक रस्ता त्या एका अटीतून तयार झाला.

मला जे म्हणायचं आहे ते या अटीपाशीच सुरू होतं. शहर सुंदर होणार की कुरूप, हे एकेका थोर वास्तुरचनाकाराच्या हातात फारसं नसतं. इमारत आणि रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तिथे काय घडावं, हे ठरवणाऱ्या नियमाच्या हातात ते असतं. मुंबईचं जे रूप आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो ते नियमांनी घडवलं. आणि गेल्या तीसेक वर्षांत जे रूप अंगावर येऊ लागलं आहे, तेही नियमांनीच घडवलं आहे. बिल्डरला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण बिल्डर नियमावली बारकाईने वाचतो आणि तिच्यात ज्याला मोल दिलेलं असेल तेच बांधतो. तिच्यात कशाला मोल द्यायचं हे ठरवणारं सरकार आपलं आहे, आणि त्या ठरवण्यात आपण नागरिक म्हणून आजवर जवळजवळ तोंड उघडलेलं नाही.

ओव्हल मैदानावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की नियमांचं हे सामर्थ्य डोळ्यांना दिसतं. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, किल्ल्याचे तट पाडले गेले. मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या दोन दशकांत विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा दगडी इमारती एका रांगेत, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग १९२०च्या दशकात बॅकबेचा भराव पडू लागला आणि समुद्र मागे सरला. मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर नव्या जमिनीचे प्लॉट पडले. त्या प्लॉटवर १९३०च्या दशकात सिमेंट-काँक्रीटच्या, गोलाकार गॅलऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या आर्ट डेको इमारती आल्या. उंची जवळपास सारखी, पुढची रेषा सारखी, कारण जमीन देतानाच तशा अटी घातल्या होत्या. २०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला तेव्हा त्यात ९४ इमारती होत्या, आणि गौरव झाला तो समूहाचा. ओव्हलच्या पश्चिमेकडची कुठलीही एक इमारत उचलून दुसरीकडे ठेवली तर ती नीटनेटकी, बेताच्या उंचीची एक इमारत वाटेल, एवढंच. ती सुंदर दिसते कारण तिच्या दोन्ही शेजारणी तिच्याशी बोलतात आणि समोर मैदान आहे.

या इमारतींबद्दल ‘हे तर साहेबाचं शहर’ असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना मी गजानन बाबूराव म्हात्रे यांचं नाव सांगते. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची सूना महाल, ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट अशी कितीतरी कामं त्यांच्या हातची आहेत. ‘मास्टर, साठे अँड भुता’ या भारतीय फर्मने फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत १९३६ साली उभी केली, आणि तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी कष्टकरी माणसांच्या भव्य आकृती कोरल्या. फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या लक्ष्मी इन्शुरन्सच्या इमारतीच्या माथ्यावर लक्ष्मीच उभी आहे. त्याच्याही आधी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडावर पानं, फुलं, पक्षी, प्राणी उमटले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातून. तिकीट न काढता, दालनात न जाता, लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाला कला बघायला मिळावी अशी ती सोय होती. हात भारतीय, आणि बघणारे तर आपणच.

आर्ट डेकोला मी नुसती नटवी शैली मानत नाही. खिडकीवर पुढे आलेली, इमारतीला वळसा घालणारी ती काँक्रीटची सलग पट्टी उन्हाची तिरीप आणि पावसाची झड अडवते. गॅलरी खोल असते ती वारा यावा म्हणून. जिन्याला उभी लांब खिडकी असते ती दिवसा दिवा लावावा लागू नये म्हणून. जी गोष्ट हवेला आणि पावसाला ओळखून केली जाते ती डोळ्यालाही बरी दिसते, असं या इमारतींकडे पाहताना मला कायम वाटत आलं आहे. म्हणूनच ही शैली श्रीमंतांच्या मरीन ड्राइव्हवर थांबली नाही. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा इथल्या तीन-चार मजली इमारतींतून ती मराठी, गुजराती, तमिळ मध्यमवर्गाच्या घरी गेली. गच्चीचा कठडा, जिन्यातली मोझेकची फरशी, दारावर सिमेंटमध्ये उठवलेलं इमारतीचं नाव: दादरला वाढलेल्या कुणालाही हे सगळं डोळे मिटून आठवेल.

दादर-माटुंग्याची आखणी झाली ती प्लेगनंतर. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचा इतिहास निर्मळ नाही. दाट वस्त्या पाडताना त्यांनी गरिबांना जितकं हलवलं तितकं पुन्हा वसवलं नाही, आणि ज्यांची घरं गेली ती माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत कोंबली गेली. हे विसरून त्या काळाचं गुणगान करणं मला पटत नाही. पण ट्रस्टने एक गोष्ट मुंबईला दिली ती जपण्यासारखी होती. जे. पी. ऑर अध्यक्ष असताना त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. खालच्या मजल्यावरच्या खोलीतूनही आकाश दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून जास्त असू नये, असा त्या कोनाचा अर्थ. नियम आरोग्यासाठी होता. पण हिंदू कॉलनीच्या गल्लीत आजही चालताना जी एक प्रकारची मापात असल्याची भावना येते, रस्ता आणि घरं एकमेकांना शोभतात असं वाटतं, तिच्या मुळाशी असलीच गणितं आहेत.

न्यूयॉर्कची गोष्टही अशीच आहे. १९१५ साली तिथे एक्विटेबल बिल्डिंग नावाची ३८ मजली इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेली आणि आजूबाजूचे रस्ते अंधारले. लोकांनी ओरड केली, आणि १९१६ साली शहराने कायदा केला की अमुक उंचीनंतर इमारतीने मागे सरत जायचं. ह्यू फेरिस या चित्रकाराने १९२२ साली कोळशाने काही रेखाटनं करून दाखवलं की हा कायदा तंतोतंत पाळला तर इमारती कशा दिसतील. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळत्या होत जाणाऱ्या ज्या इमारती पुढे जगभर ‘न्यूयॉर्क’ म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांचा आकार त्या कायद्याने दिला होता. कायद्याचं कलम कसं दिसेल हे एका कलावंताने आधी काढून दाखवावं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता आपल्या आजच्या नियमावलीकडे वळू. तिच्या केंद्रस्थानी एकच आकडा आहे: एफएसआय, चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल, हे तो सांगतो. १९९१च्या नियमावलीत तो शहर भागात १.३३ आणि उपनगरात १ असा होता. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्विकासासाठी, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी, टीडीआरसाठी (एका प्लॉटचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी) तो वाढत गेला, आणि २०१८ला लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’मध्ये तर त्याच्या सवलतींचं एक जंगलच आहे. किती बांधायचं हे हा आकडा सांगतो. रस्त्याला इमारत कशी भेटेल, याबद्दल तो मुका आहे. आणि ज्या गोष्टीबद्दल नियम मुका असतो ती गोष्ट ‘एफएसआयमध्ये काय धरलं जातं आणि काय धरलं जात नाही’ या हिशेबावर सोडली जाते.

गॅलरीचं काय झालं ते पाहा. पूर्वी मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंतची बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नसत, आणि शुल्क भरलं की ती बंद करून हॉलमध्ये घ्यायलाही परवानगी होती. परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईतली हरेक बाल्कनी हॉलने गिळली. फ्लॉवर बेड मोफत होते, म्हणून आराखड्यात खिडकीबाहेर भलेमोठे फ्लॉवर बेड येऊ लागले आणि ताबा मिळाला की त्यात फूल न उमलता बेडरूम वाढू लागली. ही लबाडी थांबवायला २०१२ साली नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि त्याबदल्यात प्रीमियम भरून ३५ टक्के जादा क्षेत्र, ज्याला सगळे ‘फंजिबल’ म्हणतात, ते देऊ केलं. लबाडीला आळा बसला असेल. पण प्रत्येक चौरस फूट मोजला जाणार म्हटल्यावर गॅलरी ठेवायचं कारणच संपलं. इमारतीचं तोंड सपाट झालं, त्यावर काच आली, आणि काचेमागे चोवीस तास एसी आला. पाऊस, ऊन, वारा यांच्याशी शंभर वर्षं चाललेला संवाद एका दुरुस्तीने तुटला. हा नियम करणाऱ्या एकाही माणसाच्या मनात मुंबई सपाट काचेची करायची आहे असं नसणार. मुंबई कशी दिसेल, हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही.

पोडियमची, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या पार्किंगच्या मजल्यांची, गोष्ट याहून वाईट. नियमांनी मोटारींसाठी जागा सक्तीची केली. तळघर खणणं महाग, आणि मुंबईत पाणी लवकर लागतं. पार्किंगचे मजले जमिनीच्या वर बांधले तर ते एफएसआयमध्ये धरत नाहीत. मग टॉवरचे पहिले पाच, सात, कधी त्याहून जास्त मजले फक्त मोटारींचे. लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव इथल्या कुठल्याही नव्या टॉवरखालून चालून पाहा. नजरेच्या पातळीला दिसतं ते फाटक, सिक्युरिटीची केबिन, गाड्यांचा उतार आणि जाळ्या लावलेली आंधळी भिंत. त्यात अग्निशमनाच्या बंबाला फिरायला इमारतीभोवती किमान सहा मीटर मोकळी जागा हवी, असाही नियम आहे. तो हवाच, त्यावर वाद नाही. पण त्यामुळे टॉवर रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून सुटून एकटा उभा राहतो आणि मधल्या पट्टीला कंपाउंडची भिंत लागते. प्रत्येक नियमाला आपापलं चांगलं कारण आहे. सगळ्यांची बेरीज करून रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला काय दिसेल, हे तपासणारं मात्र कुणी नाही.

गिरगावात अनंत चतुर्दशीला मिरवणूक जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. रस्ता त्या दिवशी एखाद्या सभागृहासारखा वाटतो, आणि तो तसा वाटतो कारण गॅलरी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि रस्त्याकडे तोंड करून आहे. एरवीही तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, भाजीवाला त्यात मेथीची जुडी ठेवतो, भाव वरूनच ठरतो. खाली खेळणाऱ्या पोराला वरून हाक मारता येते. हाक पोचेल एवढी उंची, हे जुन्या मुंबईचं न लिहिलेलं माप होतं असं मला वाटतं. आता राहता पहिला मजला सुरू होतो तोच आठव्यावर. तिथून हाक येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. टॉवरमधून समुद्र दिसत असेल. पण रस्त्यावरून टॉवरमधली माणसं दिसत नाहीत, आणि सौंदर्याचा हा तोटा फ्लॅटच्या किमतीत कुठेच धरला जात नाही, कारण तो सोसणारा फ्लॅट घेणारा नसतो, पदपथावरून चालणारा असतो.

चित्रकारांना हे आपल्या आधी कळलं. गीव्ह पटेल हे डॉक्टर होते, मध्य मुंबईत दवाखाना चालवायचे, आणि ‘ऑफ लॅमिंग्टन रोड’ या १९८०च्या दशकातल्या मोठ्या चित्रात त्यांनी एका गल्लीतली माणसांची दाटी अशी रंगवली की गल्ली हीच चित्राची नायिका झाली. सुधीर पटवर्धन हेही डॉक्टर. ठाण्यात त्यांनी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि चार-पाच दशकं हे शहर रंगवलं: इराणी हॉटेल, लोकल, पूल, अर्धवट बांधलेल्या इमारती, लोअर परळ, ठाण्याचं पोखरण. त्यांच्या चित्रांत इमारत कधी नुसती पार्श्वभूमी नसते. जिना, खिडकी, कठडा, पुलाचा खांब यांच्या मधून माणूस वाट काढत असतो, आणि शहर बदललं की त्याचं उभं राहणंही बदलतं. शहर हा कलेचा विषय होतो तो त्याच्या उंच शिखरांमुळे नव्हे, माणूस आणि बांधकाम यांच्यामधल्या या जागेमुळे. ती जागाच कंपाउंडच्या भिंतीने व्यापली तर पुढच्या पिढीच्या चित्रकाराने रंगवायचं काय, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

उंच इमारत हीच खलनायक आहे, असं म्हणण्याकडे माझा कल नाही. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत १९८३ साली पूर्ण झाली. ती उंच आहे, आणि तरी तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजल्यांच्या खोल गच्च्या कापलेल्या आहेत. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा त्यांनी आकाशात नेऊन ठेवला. वाऱ्याची दिशा, मावळतीचं ऊन, पावसाची झड या सगळ्याचा तिथे विचार आहे. पण कांचनजंगाने शेजारचा रस्ता सुधारला का? नाही, आणि ते तिच्या आवाक्यातही नव्हतं. एक असामान्य इमारत तिच्या प्लॉटच्या आत असामान्य राहते. कोरियांना स्वतःला हे पुरतं ठाऊक असणार, कारण ते आयुष्यभर शहराच्या आखणीविषयी बोलत राहिले.

आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या. शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन, म्हणजे दुसऱ्या कुठल्या महानगराला स्वप्नातही मिळणार नाही अशी संधी, समोर आली. १९९१च्या नियमावलीतल्या कलम ५८ने तिचे तीन हिस्से करायचं ठरवलं: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ साली कोरियांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या जमिनीचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. रस्ते कुठून जावेत, मैदानं कुठे जोडली जावीत, जुन्या दगडी इमारतींचं काय करावं, हे एका नकाशावर मांडता येत होतं. २००१ साली कलम असं बदललं की हिस्से फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे व्हायचे, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने जनहिताच्या बाजूने अर्थ लावला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेलं कलम जसंच्या तसं उचलून धरलं. गिरणीमागून गिरणी आपापल्या फाटकाआड विकसित झाली. आज लोअर परळला दुपारी चालताना जी तुटलेली, घाबरवणारी, कुठूनच कुठे नीट न पोचणारी जमीन लागते, ती एका कलमातल्या दुरुस्तीची आकृती आहे. कामगारांची घरं आणि रोजगार गेले हा त्यातला सर्वांत मोठा अन्याय. शहराला एक सुंदर मध्य मिळाला असता तोही गेला, हा त्याच अन्यायाचा दुसरा भाग आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला गॅलरीचं सौंदर्य सांगणारे तुम्ही कोण? बीडीडीच्या २०७ चाळी १९२०च्या दशकात बांधल्या, संडास सामायिक, पाणी ठरावीक वेळेला. तिथल्या रहिवाशाला आता ५०० चौरस फुटांचं स्वतःचं घर मिळतं आहे, वरळीत २०२५मध्ये पहिल्या चाव्या हातात पडल्या, आणि ज्याने ते दिवस काढले त्याच्या आनंदात माती कालवण्याचा अधिकार कुणालाच नाही. चाळ जशीच्या तशी राहावी असं मला वाटत नाही. १९४७च्या भाडे कायद्याने गोठलेली भाडी, दुरुस्तीला हात न लावणारे मालक, पावसाळ्यात कोसळणारे जिने, हे सारं मी पाहिलेलं आहे. घर मोठं हवं, पक्कं हवं, घरात संडास हवा.

पण मोठं घर आणि आंधळा पोडियम हे एकाच पॅकेजमध्ये घ्यावं लागतं, असं कुणी सांगितलं? काळबादेवी, भुलेश्वर हे भाग चार-पाच मजल्यांतच मुंबईतल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी आहेत. दाटीला उंचीची सक्ती नसते. आणि उंची हवीच असेल तर टॉवरच्या पायथ्याशी दुकानं, घरं, वाचनालय, दवाखाना रस्त्याच्या रेषेला लावता येतात, आणि मोटारी त्यांच्या मागे जातात. रहिवाशाला घर तेवढंच मिळतं. गरिबाच्या नशिबी घर आलं की सौंदर्याचा हक्क सोडून द्यायचा, ही समजूत मला अपमानकारक वाटते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतींमध्ये दोन इमारतींच्या फटीत दिवसाही दिवा लागतो. साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात मांडला गेला, त्या शहरात हे चाललं आहे. उजेड आणि देखणेपण इथे वेगळे काढताच येत नाहीत.

दुसरा आक्षेप सरकारी आहे: अभिरुचीचा कायदा करता येत नाही. बरोबर, करूही नये. अमुक रंग, तमुक कमान, हेरिटेजसारखा दिसणारा मुखवटा, हे सरकारने सांगायला लागलं तर अनर्थ होईल. पण दादाभाई नौरोजी रस्त्याने शैली मोकळी सोडली आणि कड बांधून घेतली. याच रस्त्यावर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुकानांच्या पाट्यांची शिस्त लावली गेली. दुकानदार, रहिवासी, महापालिका एकत्र आले, कमानी झाकणारे फलक उतरले, आणि २००४ साली त्या कामाची युनेस्कोने दखल घेतली. १९९५ साली मुंबईने देशातली पहिली हेरिटेज नियमावली केली हेही विसरू नये. ज्या महापालिकेने आणि सरकारने हे केलं त्यांना बाकीचं शहर अशक्य नाही. फक्त हेरिटेजच्या यादीत नसलेल्या रस्त्यालाही रूप असतं, एवढं मान्य करावं लागेल.

सध्या जे सुशोभीकरण चालतं त्याने यातलं काहीच साधत नाही. २०२२च्या अखेरीपासून झाडांना विजेच्या माळा गुंडाळल्या, उड्डाणपुलांचे खांब रंगवले, चौकांत कारंजी आली. झाडाला त्रास, पक्ष्यांना त्रास, आणि माळांच्या उजेडात पदपथ तितकाच तुटका. पृष्ठभागावर कितीही खर्च केला तरी पोडियमची भिंत गॅलरी होत नाही.

मागण्या स्पष्ट मांडायला हव्यात. रस्त्याला लागून असलेल्या बाजूवर, किमान खालच्या तीन-चार मजल्यांवर, पार्किंगला बंदी असावी. तिथे माणसांच्या वापराची जागा असेल तरच जादा एफएसआय द्यावा. सार्वजनिक रस्त्याकडे तोंड करून असलेली, कायम उघडी राहणारी गॅलरी आणि तळमजल्यावरचा छायादार पदपथ एफएसआयमधून वगळावा. ती गॅलरी कुणी बंद केली तर सवलत दंडासह परत घ्यावी. स्टेशनकडे जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर कमानीचा नियम पुन्हा आणावा, कारण या शहरात चार महिने पाऊस पडतो आणि लाखो लोक रोज स्टेशनपर्यंत पायी जातात.

आणि फेरिसने जे न्यूयॉर्कसाठी केलं ते आपल्याकडे सक्तीचं करावं. कुठल्याही पुनर्विकासाला मंजुरी देण्याआधी त्या रस्त्याचं समोरून दिसणारं चित्र वॉर्ड ऑफिसात आणि प्रत्यक्ष जागेवर लावावं: दोन्हीकडच्या शेजारच्या इमारतींसकट, पदपथावर उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेलं. आज जागेवरच्या फलकावर परवानगीचे क्रमांक असतात आणि जाहिरातीत हेलिकॉप्टरमधून दिसणारा टॉवर असतो. या दोन्हींतून रस्त्याचं काय होणार ते कळत नाही. जे. जे.च्या आर्किटेक्चर आणि कला विभागातल्या विद्यार्थ्यांना हे काम शिकवता येईल, आणि त्यांच्याच पूर्वसुरींनी व्हीटीचे दगड कोरले आहेत. हरकती-सूचनांच्या मुदतीत आज लोक टक्केवारी आणि मीटरच्या तक्त्यांसमोर गप्प बसतात. चित्र समोर असेल तर चाळीतली आजी, भाजीवाला, शाळकरी मुलगी यांनाही मत देता येईल.

शहर भागात उपकरप्राप्त इमारती अजून १३ हजारांच्या घरात आहेत. गिरगाव, भेंडीबाजार, लालबाग, माझगाव, काळाचौकी इथले रस्तेच्या रस्ते त्यांनी घडलेले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींचा पुनर्विकास आत्ता जिवंत असलेल्या माणसांच्या हयातीत होणार आहे. समूह पुनर्विकासात तर एकेक अख्खी गल्ली एका विकासकाच्या कागदावर येते, म्हणजे सलग रस्ता एका अटीत बांधण्याची संधी पुन्हा आली आहे. ती अट नियमावलीत घालायची तर या इमारती पाडायला घेण्याआधी घालावी लागेल, आणि त्यासाठी गिरगाव-लालबागच्या सोसायट्यांनी, मंडळांनी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला किती चौरस फूट मिळणार या प्रश्नासोबतच, आमची गॅलरी रस्त्याकडे उघडणार का, हाही प्रश्न विचारायला सुरुवात करावी.